गीताबाईची ज्वारी

बुलढाणा
रविवार, १२ जानेवारी २०२५

अविनाश यांस,

आज सुट्टी. सकाळी पाणी भरलं, कपडे धुतले, गव्हाला ऊन दिलं. अर्पिताचा सासरहून फोन आला होता, तिच्याशी बोलले. दुपारी तुमचं पाकीट पुन्हा उघडलं आणि उत्तर लिहायला बसले.

तुमचे फोन मी घेत नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. मी कोर्टात टायपिस्ट आहे. बावीस वर्षं लोकांचे जबाब टाईप करते. तोंडी बोललेलं माणूस नंतर फिरवतो, म्हणून मला कागद बरा वाटतो. तुम्हीही कागदावरच लिहा.

तुम्ही लिहिता की २२ फेब्रुवारीला पुण्यात बीअरचा महोत्सव आहे. वीस-बावीस छोट्या ब्रुअरी येतात आणि प्रत्येक जण त्या दिवशी काहीतरी नवीन काढतो. तुमच्या ब्रुअरीच्या टेबलावर त्या दिवशी माझ्या भावाची, गोकुळची, ज्वारीची बीअर निघणार. लेबलचा नमुना मी पाहिला. खाटेवर ओलं धोतर, धोतरावर वाळत घातलेले ज्वारीचे पापड, बिबडे, आणि खाली मोठ्या अक्षरात ‘गीताबाईची ज्वारी’.

गीताबाई माझी आई आहे. तिचं नाव दारूच्या बाटलीवर घालण्याचं तुम्हाला सुचलं कसं, हे मी विचारणार नाही. आईच्या संमतीची झेरॉक्स तुम्ही जोडली आहे. ती मी नीट पाहिली. तिच्यावर तारीख १४ डिसेंबर. तो दुसरा शनिवार होता आणि त्या दिवशी मी सोनाळ्यात आईजवळच होते. तिनं कुठल्या कागदावर सही केलेली मी पाहिली नाही. शिवाय आई ‘गीता’ एवढीच सही करते. बँकेतही तशीच आहे. या कागदावर पूर्ण नाव आहे.

आता मुद्द्याचं. तुमचं वाक्य असं आहे: “ही बीअर सोनाळ्याच्या बरणीतल्या विरजणावरच केली. गोकुळ दवाखान्यात असताना आमच्याकडचं विरजण मेलं. सोनाळ्याचं नसतं तर ही बीअर झालीच नसती.”

हे खोटं आहे. मला कसं माहीत ते आत्ता सांगणार नाही.

ती बरणी मी पाहिली होती. तुम्ही गोकुळला घेऊन आलात त्याच दिवशी, आईच्या फ्रिजमध्ये, खालच्या कप्प्यात. काचेची, अर्धी भरलेली, आत पांढरट दाट पाणी. वर चिकटपट्टी आणि तिच्यावर गोकुळच्या अक्षरात ‘आई’. झाकण नुसतं वर ठेवलेलं होतं.

आणखी एक. गोकुळच्या तेरवीच्या पंगतीत तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, “गोकुळसारखी बीअर पुण्यात कोणी बनवत नव्हतं.” त्या दिवसापर्यंत गावाच्या हिशेबी गोकुळ बिस्किटाच्या कंपनीत होता. डेंग्यूचे रिपोर्ट मी स्वतः वाचले आहेत. तरी लोक आता म्हणतात, दारूच्या कारखान्यात होता, आणखी कशानं जाईल. हे तुमच्या एका वाक्यामुळे झालं.

त्याच दिवशी जेवण झाल्यावर तुम्ही हात धुवायला शेजारी सरस्वतीबाईंकडे गेलात. आमच्या अंगणात नळ आहे. परत आलात तेव्हा तुमच्या हातात कापडी पिशवी होती. घर माणसांनी भरलेलं होतं म्हणून तेव्हा विचारलं नाही.

तीन प्रश्नांची उत्तरं द्या. पिशवीत काय होतं? संमतीवर सही कोणी केली? आणि या बीअरमध्ये गोकुळ असं काय घालायचा, जे बाकीचे घालत नाहीत? तिसऱ्याचं उत्तर मलाही माहीत नाही, पण तुम्ही काय सांगता ते मला पाहायचं आहे.

गोकुळ आणि मी नेहमी बोलत होतो. असं काही असतं तर त्यानं मला सांगितलं असतं.

जयमाला


बुलढाणा
शुक्रवार, २४ जानेवारी २०२५

अविनाश यांस,

आज दोन साक्षी झाल्या, तिसरा साक्षीदार आला नाही. पाचला निघाले. घरी आल्यावर तुमचं पत्र दाराखाली होतं.

पिशवीबद्दल तुम्ही लिहिता, “मी शब्द दिला आहे, आईंना विचारा.” सहीबद्दल लिहिता, “कागद पोस्टानं आला, सही करताना मी समोर नव्हतो.” कोर्टात असा साक्षीदार उभा राहिला तर साहेब माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, लिहा, सांगता येत नाही.

तिसऱ्या प्रश्नाचं मात्र उत्तर आहे. मीठ. तुम्ही लिहिता की पहिल्या वेळी गोकुळनं एक बाटली सोनाळ्याला नेली, आईनं पेला तोंडाला लावला आणि म्हणाली, मीठ कमी आहे. तेव्हापासून तो मोजून मीठ घालायचा.

माझी आई एकादशीला दुसऱ्याच्या घरचं पाणी पीत नाही. ती बीअर चाखेल आणि वर मीठ कमी आहे म्हणेल, यावर मी विश्वास ठेवावा अशी तुमची अपेक्षा आहे.

आता मी सांगते तुमचं म्हणणं खोटं कसं.

गोकुळचं दहावं झालं त्या दिवशी घर धुऊन काढलं. आमच्याकडे सुतक फिटताना साठवणीचं सगळं टाकतात. माठातलं पाणी, पीठ, विरजण, उघडं लोणचं. माझ्या मामेबहिणी सकाळपासून आल्या होत्या. मी फ्रिज पुसायला घेतला आणि बरणी बाहेर काढली. पहिल्या दिवशी झाकण सैल दिसलं म्हणून मीच ते घट्ट लावलं होतं. आई विसरली असेल असं वाटलं. त्या दिवशी झाकण फिरवलं आणि ते हातातून उडालं. फेस माझ्या साडीवर आला, ओट्यावर आला, आणि सगळ्या स्वयंपाकघरात वास सुटला. कसला वास ते तुम्हाला माहीत आहे. एक बहीण म्हणाली, “काय वं जयमाला, हे बिस्किटाचं पीठ आंबलं काय?” बाकीच्या तोंडाला पदर लावून हसल्या.

मी बरणी मोरीत ओतली. खालचा साका चमच्यानं खरवडून काढला, वरून दोन बादल्या पाणी टाकलं. बरणी राखेनं घासली आणि उन्हात पालथी घातली. तिखट भरायला म्हणून ती बरणी मी बुलढाण्याला आणली. अजून रिकामी आहे.

हे झालं २० सप्टेंबरला. तुम्ही तेरवीला आलात २३ तारखेला. तेव्हा त्या घरात ना बरणी होती ना विरजण. मग तुमची बीअर कशावर झाली? एक तर तुम्ही बाजारातल्या यीस्टच्या पाकिटावर केली आणि वर माझ्या आईचं नाव लावलं. नाही तर गोकुळला आणलं त्याच दिवशी, घरात रडारड चालू असताना, तुम्ही आमच्या फ्रिजमध्ये हात घातला. यातलं कुठलं जास्त वाईट ते मला ठरवता येत नाही.

८ फेब्रुवारीला दुसरा शनिवार आहे. मी सोनाळ्याला जाते आहे. आईला समोर बसवून विचारणार. सही तिची नसेल तर सोमवारी वकिलामार्फत नोटीस निघेल आणि २२ तारखेला तुमचं टेबल रिकामं राहील.

जयमाला


सोनाळा
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

अविनाश यांस,

काल सकाळी सातच्या गाडीनं निघाले. जळगाव जामोदला गाडी बदलली. सोनाळ्याला पोचले तेव्हा उन्हं वर आली होती. आई आणि सरस्वतीबाई अंगणात बिबडे घालत होत्या. खाटेवर ओलं धोतर अंथरलेलं, दोघी दोन बाजूंनी बसलेल्या, मध्ये ज्वारीच्या घाट्याचं पातेलं. तुमच्या लेबलवरच्यासारखंच. ते चित्र तुम्ही कुठून काढलं असेल, असं वाटलं आणि तिथंच राग आला.

पुढचं जसं झालं तसं लिहिते. माझी तशी सवय आहे.

मी विचारलं, “आई, बरणीतलं विरजण तू अविनाशले देल्लं काय?”

आईनं हात थांबवला नाही. “देल्लं.”

“पण ते तं म्या दहाव्याले मोरीत ओतलं होतं.”

“तुयं तू ओतलं. मायं म्या आधीच हलवलं होतं.”

मला कळलं नाही. सरस्वतीबाई हसायला लागल्या. “माया फ्रिजमधी बसेल होतं, बाई. दुधाच्या बाजूले. आमच्या म्हाताऱ्यानं एक दिवस ताक समजून वाटीत घेतलं.”

“मंग?”

“मंग काय! दुसऱ्या दिवशी विचारे, काऊन वं, कालचं ताक सरलं काय?”

आईही हसली. गोकुळ गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. मला ते आवडलं नाही. मी म्हटलं, नीट सांग.

तिनं सांगितलं ते असं. ११ सप्टेंबरला दुपारी साडेतीनला तुमचा फोन आला. ती घरात एकटीच होती. तुम्ही सांगितलं. तिनं फोन खाली ठेवला, फ्रिज उघडला, अर्धी बरणी पातेल्यात ओतली, झाकण ठेवलं आणि भिंतीवरून सरस्वतीबाईंना दिली. म्हणाली, आठ-पंधरा दिवस तुझ्याकडे राहू दे. सरस्वतीबाईंनी कारण विचारलं नाही. विरजण, घाटा, लोणच्याचा खार, हे त्या भिंतीवरून नेहमीच जातं-येतं. मग आई घरात गेली, दार लावलं आणि रडली. तिचा आवाज ऐकून सरस्वतीबाई धावत आल्या तेव्हा त्यांना समजलं.

मी म्हटलं, “सुतक तं फोन आला तवाच लागलं.”

“मले लागलं. बरणीले काऊन लागंन? म्या कोनाले सांगतलंच नव्हतं अजून. आधी देल्ली, मंग रडली.”

“अन् अर्धं काऊन ठेवलं?”

“तू पाह्यशीन म्हनून. बरणी रिकामी दिसली असती तं तू विचारलं असतं. अन् तू टाकशीन, हे मले मालूम होतं.”

सरस्वतीबाई उठून पाणी आणायला गेल्या.

सुतकाच्या दिवसांत आमच्या घरी चूल नव्हती. भाऊबंदांकडून डबे येत होते. आई रोज दुपारी सरस्वतीबाईंकडे जाऊन बसायची. मला वाटायचं तिला आमच्या घरात करमत नाही. ती दर चार दिवसांनी पातेल्यात मूठभर ज्वारीचं पीठ घालायला जात होती. तेरवीला तुमच्या पिशवीत त्यातलंच होतं. गोकुळनं तिला सांगून ठेवलं होतं, पीठ घाल, ढवळ, झाकण घट्ट लावू नको, ते श्वास घेते. ते विरजण मुळात तिच्याच बिबड्यांच्या पाण्यातून निघालं होतं, हेही मला कालच समजलं. ज्वारी तीन दिवस भिजते, त्या आंबट पाण्यातून. पुण्याच्या पाण्यात ते टिकत नाही म्हणून मूळ तो आईजवळ ठेवायचा. तो दर दोन महिन्यांनी सोनाळ्याला का यायचा, याचं मला आश्चर्य वाटायचं.

मिठाचं विचारलं. आई म्हणाली, “हाव, चाखली. बिबड्याच्या पान्यावानी लागे. मीठ कमी होतं तं कमी होतं म्हनलं. पोराले खोटं सांगू काय?”

सहीचं विचारलं. १४ डिसेंबरला दुपारी मी गिरणीवर दळण घेऊन गेले होते तेव्हा केली. पूर्ण नाव लिहायला सरस्वतीबाईंच्या सुनेनं शिकवलं. वहीत आठ वेळा गिरवलेलं मला दाखवलं.

मी शेवटी म्हटलं, “आई, दारूच्या बाटलीवर नाव. लोक काय म्हनतीन?”

तेव्हा तिनं पहिल्यांदा हात पुसले. “तुया बापानं सातबाऱ्यावर मायं नाव लावलं नाही. पोरानं बाटलीवर लावलं. राहू दे.”

बाबांबद्दल तिला असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. बाबांच्या, नारायणरावांच्या, शेतात ती तीस वर्षं राबली.

मला हे काहीच का सांगितलं नाही, असंही मी विचारलं. ती म्हणाली, “तू बिस्किट-बिस्किट करे. तुया मनात नाही तं कायले सांगा?”

म्हणजे तुमचं म्हणणं खोटं नव्हतं. तुम्ही आईला दिलेला शब्द पाळत होतात. माझी दोन्ही पत्रं तुमच्याकडे आहेत, ती मी परत मागत नाही. लिहिलेलं लिहिलेलं.

पहिल्या पत्रात एक विधान माझं खोटं आहे. गोकुळ आणि मी नेहमी बोलत नव्हतो. चौदा महिने बोललो नव्हतो. जुलै २०२३ मध्ये अर्पिताचा साखरपुडा होता. मुलाकडच्यांना मीच सांगितलं होतं की मामाची बिस्किटाची कंपनी आहे. त्यांच्यातल्या एकानं गोकुळला विचारलं, “गोड काढता का खारी?” तो म्हणाला, “खारी. अन् जरा फेस येते.” सगळे हसले, कोणाला काही कळलं नाही. मी त्याला स्वयंपाकघरात बोलावलं आणि म्हटलं, तुले लाज नाही तं माया पोरीची तरी धर. तो जेवला नाही. चप्पल घालून निघाला तेव्हा मी वाढत होते. त्याला जाताना पाहिलं आणि पुढच्या पानावर वरण वाढलं. अर्पिताच्या लग्नाला आला नाही.

मागच्या वर्षी ६ सप्टेंबरला, शुक्रवारी, अकरा वाजून चाळीस मिनिटांनी त्याचा मला फोन आला होता. मी कोर्टात होते. संध्याकाळी पाहिलं. सोमवारी करू म्हटलं. सोमवारीही केला नाही. तो त्या शुक्रवारी दवाखान्यात भरती झाला होता, हे मला बुधवारी समजलं.

म्हणून एकच प्रश्न आता उरला आहे. नोटिशीचं मी त्यानंतर ठरवणार. तुम्ही सहा दिवस त्याच्याजवळ होतात. दवाखान्यात त्यानं माझं नाव घेतलं का?

लिहिण्याआधी लक्षात ठेवा की मी बावीस वर्षं जबाब टाईप करते आहे. माणूस बरं वाटावं म्हणून बोलतो तेव्हा मला कळतं.

जयमाला


सोनाळा
शनिवार, २२ फेब्रुवारी २०२५

अविनाश यांस,

आज चौथा शनिवार, कोर्टाला सुट्टी. मी परवा रात्रीच्या गाडीनं इथं आले. काल सकाळी तुमच्या ब्रुअरीतल्या प्रतीक्षा आईला महोत्सवाला न्यायला गाडी घेऊन आल्या. चहा घेतला. आई आणि सरस्वतीबाई नव्या लुगड्यांत पुढच्या सीटवरून भांडल्या. शेवटी दोघी मागे बसल्या. बरोबर बिबड्यांचे दोन डबे घेतले आहेत. आई म्हणाली, लोक पितील तं तोंडाले काही लागंन ना. संध्याकाळी पोचल्याचा तिचा फोन आला.

निघताना प्रतीक्षांनी तुमची चिठ्ठी दिली. त्या गेल्यावर उघडली.

“ताई, नाही. त्यानं तुमचं नाव घेतलं नाही. पहिले दोन दिवस टाकीचं तापमान विचारत होता. नंतर म्हणाला, आईला सांगा, बरणीला पीठ घाल. मग शुद्ध नव्हती. फोन केला होता हे मला माहीत नव्हतं.”

मी ती दोनदा वाचली. घेतलं असं लिहिणं तुम्हाला सोपं होतं. तुमची बाटली आज निघायची होती, नोटीस माझ्या हातात होती, आणि मी तुम्हाला सरळ विचारलं होतं. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं, ताई, शेवटपर्यंत तुमचीच आठवण काढत होता. मग मी सोमवारी नोटीस पाठवली असती.

ती मी पाठवत नाही. लेबल आहे तसं राहू द्या.

मीठ आहे का नाही, ते मात्र मी स्वतः पाहणार. एक बाटली आईबरोबर पाठवा. आई म्हणते म्हणून मी मानत नाही.

आज सकाळी किसनराव, सरस्वतीबाईंचे यजमान, भिंतीवरून डोकावले. “जयमाला, तुयी माय कुठं गेली वं? दोघीयच्या दोघी गायब.”

मी म्हटलं, “पुण्याले. गोकुळच्या बीअरचा महोत्सव हाय.”

“बीअर? मले तं आळंदीले चालली म्हनून सांगतलं!”

“आळंदी तिथून जवळ हाय, काका.”

त्यांनी भिंतीवर कोपर टेकवलं. मग म्हणाले, “म्हंजे लोक म्हनत ते खरंच. तो बिस्किटात नव्हता.”

“नाही. बीअर बनवे. चांगली बनवे म्हनतात.”

“मंग ते ताक...” एवढं म्हणाले आणि आत गेले. सरस्वतीबाई परत आल्या की त्यांचं ते पाहून घेतील.

दुपारी मी पिशवीतून बरणी काढली. बुलढाण्याहून आणली आहे. राखेनं घासली तेव्हा चिकटपट्टीचा एक कोपरा गेला होता, अक्षर आहे. गरम पाण्यानं विसळली, पुसली. भिंतीवरून परत आलेलं पातेलं आईच्या फ्रिजमध्ये होतं, त्यातलं विरजण तिच्यात ओतलं. आई परत येईल तेव्हा ते तिला जागेवर दिसेल.

आजचा चौथा दिवस होता. डब्यातून मूठभर ज्वारीचं पीठ घेतलं, बरणीत घातलं, लाकडी पळीनं ढवळलं. झाकण वर ठेवलं, फिरवलं नाही. बरणी खालच्या कप्प्यात ठेवली, फ्रिज लावला आणि हात धुतले.